इंचाला फूट : एका उताराची कुळकथा

वऱ्हाडातल्या चिखलीच्या जुन्या गवंड्याला रॅम्पचा उतार किती ठेवायचा म्हणून विचारलं, तर तो टक्के सांगत नाही, अंशही सांगत नाही. "इंचाले फूट सोडा, मंग चढते खुर्ची," एवढंच सांगतो. जोतं जितके इंच उंच, तितके फूट उतार लांब. दीड फुटाचं जोतं असेल तर अठरा फूट, दोन फुटांचं असेल तर चोवीस. लेव्हलच्या नळीत पाणी भरून दोन खुणा करायच्या, दोरी ताणायची आणि दर फुटाला आठ सूत उतरत जायचं. हाच उतार इंजिनिअरच्या नकाशावर १:१२ असा लिहिलेला असतो.

हे बारा आले कुठून? दहा का नाहीत, पंधरा का नाहीत? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि सापडलं ते असं, की दिव्यांगांसाठीच्या आपल्या नियमातला हा एकच आकडा परका नाही. त्याचे सगळे भाऊबंद त्याच्यासोबत आले आहेत, फक्त वेष पालटून.

महाराष्ट्राची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२०मध्ये लागू झाली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर ती सगळीकडे चालते, चिखली नगरपरिषदेच्या हद्दीतही. तिच्यात रॅम्पबद्दल चार ओळी आहेत. उतार जास्तीत जास्त १:१२. लांबी ९ मीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंना ८०० मिलिमीटर उंचीचे कठडे. आणि हे कठडे रॅम्पच्या वरच्या व खालच्या टोकापुढे ३०० मिलिमीटर गेलेले. वाचताना सगळं मेट्रिक, सरकारी आणि गुळगुळीत वाटतं.

आता दुसरा कागद पाहू. अमेरिकेत १९६१ साली ए-११७.१ नावाचं मानक निघालं. शारीरिक अपंगत्व असलेल्यांना इमारती वापरता याव्यात यासाठीचं ते पहिलं राष्ट्रीय मानक, आणि जेमतेम काही पानांचं. त्यातला रॅम्प असा आहे: उतार बारा फुटांत एक फूट. दर ३० फुटांवर विसाव्याची सपाट जागा. कठड्याची उंची ३२ इंच. कठडा दोन्ही टोकांना १ फूट पुढे गेलेला.

तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर, आपल्याकडे झाले ९. बत्तीस इंच म्हणजे ८१३ मिलिमीटर. आपल्याकडे झाले ८००. एक फूट म्हणजे ३०५, आपल्याकडे ३००. कडेची मोडतोड सोडली तर बिऱ्हाड तेच. एकटा १:१२ जसाच्या तसा आला, कारण गुणोत्तराला ना फूट लागतात ना मीटर. त्यामुळे तो जन्माने कुठला, हे त्याच्या अंगावर दिसत नाही. शोधायचं ते हेच.

या मानकामागचा माणूस टिमोथी न्यूजंट. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेले सैनिक घरी परतले आणि सरकारी खर्चाने शिकायचा हक्क त्यांना कायद्याने मिळाला. पण कॉलेजांना पायऱ्या होत्या. १९४८ साली इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्ग इथे अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला आणि न्यूजंट त्याचे प्रमुख झाले. तिथली जागा आधी लष्करी इस्पितळाची होती, म्हणून चाकांच्या सोयीची. १९४९मध्ये ती शाखाच बंद करायचं ठरलं. विद्यार्थी खुर्च्यांसकट राज्याच्या राजधानीत जाऊन निदर्शनं करून आले आणि शेवटी अर्बानाच्या मुख्य आवारात कार्यक्रमाला प्रायोगिक जागा मिळाली. तिथे वर्गांना रॅम्प होत गेले. पुढे दहा वर्षांनी देशासाठी मानक बनवायचं ठरलं, तेव्हा त्याचं संशोधन न्यूजंट यांच्याकडेच गेलं.

इथपर्यंत वाद नाही. वाद पुढे आहे. रूढ समज असा, की न्यूजंट यांनी वेगवेगळ्या उतारांवर खुर्च्या चढवून पाहिल्या, हिशेब केला आणि उत्तर १:१२ आलं. चाचण्या झाल्या हे खरं. पण माणसांच्या दंडांची चाचणी घेऊन उत्तर नेमकं बारा येतं, यावर माझा विश्वास बसत नाही. अकरा यावं, साडेतेरा यावं. बरोब्बर बारा आले, याचा अर्थ बारा चाचणीच्या आधीपासून खोलीत हजर होते.

माझं म्हणणं सरळ आहे. फुटात इंच बारा असतात. अमेरिकन सुतार आजही छपराचा उतार दर फुटाला किती इंच या भाषेत बोलतो, "बारावर चार", "बारावर सहा". त्याच्या काटकोन पट्टीवर तसंच कोरलेलं असतं. अशा सुताराला सर्वांत सोपा हलका उतार कोणता? फुटाला एक इंच. न्यूजंट यांनी हा उतार शोधला नाही. पट्टीवरचा पहिला आकडा त्यांनी उचलला आणि तो चालतो का ते तपासलं.

पुरावा? मानकातच आहे. तिथे हा उतार तीन प्रकारे लिहिलाय: बारा फुटांत एक फूट, ८.३३ टक्के, आणि ४ अंश ५० मिनिटं. त्रिकोणमितीचं कोष्टक उघडून पाहा. बारास एकचा कोन ४ अंश ४६ मिनिटं होतो. म्हणजे कोन गोळाबेरजेचा आहे, टक्के भागाकाराचे आहेत, आणि नेमकं आहे ते फक्त गुणोत्तर. मूळ कोणतं आणि मागाहून चिकटवलेलं कोणतं, हे यावरून कळायला हरकत नाही.

दुसरा पुरावा मेट्रिक देशांचा. जर्मनीने फूट-इंच कधीच सोडले होते. तिथे रॅम्पचा उतार ६ टक्के, म्हणजे साधारण सतरास एक. टक्क्यांत विचार करणाऱ्याला सहा सुचतात, इंचांत विचार करणाऱ्याला बारा. यावर जपान माझ्यावर उलटेल, हे ठाऊक आहे. तिथेही १:१२ आहे आणि देश मेट्रिक. पण जपानच्या जुन्या शाकू मापात सून दहाच असतात, बारा नाहीत. स्वतःच्या पट्टीतून त्यांना बारा मिळालेच नसते. ते आयात केलेले आहेत.

माझ्या मताला खरा अडथळा एकच. अमेरिकेच्याच नंतरच्या नियमांत, जुन्या इमारतीत जागा नसेल तर तीन इंचांपर्यंतच्या चढाला १:८ आणि सहा इंचांपर्यंतच्या चढाला १:१० चालतो. आठ ठीक, तो फुटाला दीड इंच झाला. दहाला मात्र पट्टीवर घर नाही. तो नंतरच्या कुठल्या तरी समितीने आठ आणि बाराच्या मधे बसवला असणार, असं म्हणून मी पुढे जातो.

आणखी एक दावेदार आपल्या मातीतला आहे. मोटेची धाव बघा, असं एका शेतकरी मित्राचं म्हणणं. विहिरीच्या काठापासून बैलांसाठी उतार करणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. उताराचं गणित त्यांना कुणी शिकवायचं? दावा ऐकायला गोड आहे, पण धावेचा हेतू उलटा होता. भरलेली मोट ओढताना बैल उताराने खाली जात, म्हणजे त्यांचं वजन कामी येई. तिथे उतार जितका जाणवेल तितका फायदा. खुर्चीच्या उताराचं कसब असं, की तो जाणवूच नये. दोघांची सोयरीक जुळत नाही.

बारास एक का चालतो, तेही पाहून घेऊ. साठ किलोचा माणूस आणि वीस किलोची खुर्ची मिळून ऐंशी. बारास एक उतारावर हे वजन मागे ओढतं ते सात किलोच्या आतबाहेर. दोन हातांना जमण्यासारखं. पण कुणाच्या हातांना? न्यूजंट यांच्याकडे होते बहुतेक तरणे, व्यायाम केलेले सैनिक. इंग्लंडमधले वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ १९५६ साली पोलिओने अपंग झाले. १९६३च्या त्यांच्या ग्रंथाने तिकडे या विषयाचा पाया घातला. अमेरिकन मानक धडधाकट दंडांच्या, कुणाची मदत नको असलेल्या माणसासाठी आहे, हा त्यांचा आक्षेप होता. इंग्लंडने मग लांबीची अट घातली: दोन मीटरपर्यंत १:१२, पाच मीटरपर्यंत १:१५, दहा मीटरपर्यंत १:२०. मला हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं. आजीला दोन मीटर जमतात, नऊ जमत नाहीत. खुद्द अमेरिकेत एडवर्ड स्टाइनफेल्ड यांनी सत्तरच्या दशकात नव्याने चाचण्या घेतल्या, १९८०मध्ये मानक पालटलं, पण बारा जागचे हलले नाहीत. पट्टीवरचा आकडा सहजी पुसत नाही.

भारतात हे बिऱ्हाड आलं ते मानकांच्या पुस्तकांतून, आणि लष्कराची सावली इथेही आहे. जखमी सैनिकांसाठी मुंबईत १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं आणि पुढे खडकीला आलं, पुण्यातच १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र, आणि कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी १९७४ साली पुन्हा खडकीलाच पुनर्वसन केंद्र. नागरी बाजूला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. स्वतः खुर्चीवर असलेल्या बाईने बांधकामाकडे पाहिलं की काय फरक पडतो, हे तिथे दिसतं. पण खडकी-कोल्हापूरचे उतार चिखलीपर्यंत आले नाहीत.

चिखली तालुक्यातल्या खेड्यात रॅम्प आला तो मतपेटीच्या वाटेने. २००४च्या लोकसभा निवडणुकीवेळी दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद आबिदी यांच्या पाठपुराव्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मतदान केंद्रांवर निदान लाकडी रॅम्प लावा, असा आदेश झाला. खेड्यात मतदान केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. सर्व शिक्षा अभियानाचा पैसा त्याच शाळांत येत होता, शाळांच्या वार्षिक माहितीत रॅम्प आहे की नाही हा रकाना होता, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने अडथळाविरहित प्रवेश बंधनकारक केला. गेल्सबर्गच्या सैनिकांचा उतार असा वऱ्हाडातल्या पहिलीच्या वर्गापाशी येऊन पोचला.

इथे त्याची गाठ काळ्या मातीशी पडली. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. शाळेचं जोतं मुरमापर्यंत पाया नेऊन बांधलेलं. रॅम्प मागाहून, नुसत्या भरावावर ओतलेला. दोन पावसाळ्यांत रॅम्प जोत्यापासून सुटतो आणि वरच्या टोकाला बोटभर भेग पडते. खुर्चीची पुढची लहान चाकं नेमकी तिथे अडकतात. उतार नियमात, भेग नियमाबाहेर. जोतं आणि रॅम्प एकाच पायावर घ्यायला फार पैसा लागत नाही, पण अंदाजपत्रकं दोन, वर्षं दोन आणि ठेकेदारही दोन असतात.

घरांची तऱ्हा आणखी वेगळी. नियमावलीतले रॅम्पचे हे नियम सार्वजनिक इमारतींना आणि दोन हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरच्या गृहप्रकल्पांना लागू आहेत. सुटं राहतं घर त्यांच्या बाहेर. तरी चिखलीच्या नव्या वस्त्यांतून फिरा, दर दुसऱ्या घरापुढे रॅम्प दिसेल. तो मोटारसायकलसाठी असतो. नाली ओलांडून फाटकात शिरणारा सिमेंटचा तुकडा, तीन-चार फुटांत फूटभर चढणारा. चारास एक उतारावर तेच ऐंशी किलो मागे ओढतात ते जवळजवळ वीस किलोच्या जोराने. इंजिनाला ते कळत नाही. म्हाताऱ्या बापाला खुर्चीवरून आत न्यायची वेळ आली, की मग दोघं मागून लावावे लागतात आणि एक पुढून. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, पाणी घरात शिरू नये म्हणून जोतं आणखी वर जातं, आणि इंचाला फूट सोडायला अंगणच उरत नाही. वीस बाय तीसच्या प्लॉटवर चोवीस फुटांचा उतार कुठून काढणार? घराला समांतर, भिंतीला लागून वळवला तर निघतो. कडेला साडेतीन फुटांची पट्टी सोडावी लागते, पण ती नकाशा काढतानाच.

नियमातला एक आकडा मी मुद्दाम मागे ठेवला होता, रुंदीचा. आपल्याकडे रॅम्प किमान १८०० मिलिमीटर रुंद, म्हणजे सहा फूट. अमेरिकेच्या १९६१च्या मानकात याचा बाप सापडत नाही. तिथे दोन खुर्च्यांना एकमेकींना ओलांडायला ६० इंच पुरेसे धरले आहेत. मग आपले सहा फूट कुठले? माझा तर्क असा, की आपल्याकडे रस्त्यावर चालते ती चाकाची खुर्ची नव्हे, हाताने पेडल मारायची तीनचाकी. कानपूरला १९७२मध्ये निघालेल्या सरकारी अलिम्को कारखान्याने ती गावोगाव पोचवली. ती खुर्चीहून लांब, आणि वळायला भरपूर जागा मागणारी. दिल्लीतल्या कुणा मसुदा लिहिणाऱ्याने खिडकीतून अशी एखादी तीनचाकी पाहिली असावी आणि इंच बाजूला ठेवून सहा फूट लिहिले असावेत. मला हे पटतं. रुंदी तिची झाली, विसाव्याची जागा मात्र खुर्चीच्याच मापाची राहिली. म्हणून तहसील कचेरीसारख्या ठिकाणी तीनचाकी रॅम्पवर चढते, वरच्या सपाट जागेत वळत नाही, आणि तिला उलटंच खाली आणावं लागतं.