नाव घातलेली चित्रे

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरातल्या एका ज्यू शाळेत २००६ साली एक उपक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याच्या हाती एका बालकाचे नाव व त्रोटक जीवनवृत्त द्यायचे, ते त्याने वाचायचे आणि मग त्या एकाच बालकासाठी भाजलेल्या मातीचे एक फुलपाखरू रंगवायचे. अशी फुलपाखरे पुढे भिंतीवर बसविली जातात. नाझी राजवटीने सुमारे १५ लाख ज्यू मुलांचा बळी घेतला. फुलपाखरेही तितकीच व्हावीत, हा संकल्प. नंतर इतर देशांतील शाळाही त्यात सामील झाल्या.

पंधरा लाख हा आकडा जीभ सहज उच्चारते, मनाला मात्र तो पेलत नाही. एका फुलपाखराचे पंख रंगवून होईपर्यंत निदान एक नाव तरी मुलाच्या मनात घर करते.

तरीही रंगीबेरंगी पंखांखाली विषारी वायूच्या कोठड्या झाकल्या तर जाणार नाहीत ना, ही शंका आम्हालाही चाटून गेली. तिचे उत्तर तेरेझिनमध्ये सापडते.

प्रागच्या उत्तरेकडील या जुन्या तटबंदीच्या गावाचा नाझींनी ज्यूंसाठी कोंडवाडा केला होता. जून १९४२ मध्ये पावेल फ्रीडमन या एकवीस वर्षांच्या तरुणाने तेथे फुलपाखरावर कविता लिहिली. १९४४ साली त्याला आउश्वित्झला पाठविण्यात आले, तो परतला नाही. त्याच तेरेझिनमध्ये डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती बंदिवान म्हणून आली. जन्म १८९८ चा, व्हिएन्नाचा. शिक्षण जर्मनीतील बाउहाउस या नामांकित कलाशाळेत. उपाशी, आईबापांपासून दुरावलेल्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. कागद कुठला? कचेरीतील छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू. तिचा एक आग्रह असे : प्रत्येकाने चित्रावर आपले नाव घालायचे. जेथे माणसाची ओळख वाहतुकीच्या यादीतील क्रमांकापुरती उरली होती, तेथे हा आग्रह साधा नव्हता.

पतीची रवानगी झाल्यावर ती स्वेच्छेने पुढल्या गाडीत चढली. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झ-बिर्केनाउ येथे तिला मारण्यात आले; पती मात्र वाचला. मागे राहिल्या दोन सुटकेसा, त्यांत मुलांची सुमारे ४,५०० चित्रे. ती रेखाटणाऱ्यांपैकी बहुतेक मुले जगली नाहीत.

या साऱ्याशी आम्हा कॅथलिकांचा काय संबंध, असे कुणी विचारील. १९५९ पर्यंत पवित्र शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंसाठी ‘श्रद्धाहीन’ अशा अर्थाचे विशेषण होते. ते आपल्याही देवळांत उच्चारले जाई. पोप जॉन तेविसावे यांनी ते काढून टाकले. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ज्यूद्वेषाचा निषेध केला. आणि मार्च १९९८ मध्ये व्हॅटिकननेच एका निवेदनात प्रश्न उपस्थित केला : काही ख्रिस्ती मनांत मुरलेल्या ज्यूविरोधी पूर्वग्रहांमुळे नाझींचे काम सोपे तर झाले नसेल? धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न टाळू नये, असे आम्हाला वाटते.

तेरेझिनची काही चित्रे आज प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या माडीवर मांडलेली आहेत. तळमजल्याच्या भिंतींवर बोहेमिया व मोरावियातील सुमारे ७७ हजार मृतांची नावे १९५० च्या दशकात हाताने रंगविली गेली. पुढे ओल शिरून ती पुसट झाली, सिनेगॉग बंद पडले. १९९२ ते १९९६ या काळात ती सारी पुन्हा लिहिली गेली. ऑगस्ट २००२ च्या महापुरात खालच्या ओळी पुन्हा वाहून गेल्या, तेव्हा त्याही परत लिहिल्या गेल्या.