सडेतोड उत्तराची ख्रिस्ती परंपरा

एका गालावर चपराक बसल्यास दुसरा गाल पुढे करावा, हा येशू ख्रिस्ताचा उपदेश ख्रिस्ती नसलेल्यांनाही तोंडपाठ असतो. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात, महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने खरोखरच चपराक मारली, तेव्हा येशूने दुसरा गाल पुढे केल्याचा उल्लेख नाही. आपले बोलणे चुकीचे असेल तर तसे सिद्ध करावे आणि बरोबर असेल तर मारण्याचे कारण सांगावे, असा उलट सवाल त्याने केला. क्षमाशीलतेचा धर्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परंपरेच्या ग्रंथांत सडेतोड उत्तराला असलेले स्थान या एका प्रसंगावरून ध्यानात यावे.

नव्या करारात अशा प्रत्युत्तरासाठी आलेला 'अपोलोगिया' हा ग्रीक शब्द मूळचा न्यायालयातला. आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेले निवेदन, असा त्याचा अर्थ. पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, मात्र ते सौम्यतेने द्यावे, असा आदेश आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बोलणे मिठाने रुचकर केलेले असावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. मिठाचे प्रमाण किती, हे मात्र कोठेही सांगितलेले नाही. त्याआधीच्या नीतिसूत्रांच्या ग्रंथातील सव्विसाव्या अध्यायात तर मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नये, असे एक सूत्र आहे आणि लगेचच पुढचे सूत्र तसे उत्तर द्यावे म्हणून सांगते. संकलकांनी ही विसंगती मिटवली नाही. पुढील दोन हजार वर्षांच्या वादवाङ्मयाने या दोन्ही सूत्रांचा सोयीनुसार आधार घेतला.

शुभवर्तमानांतील सर्वांत प्रसिद्ध उत्तर कैसराच्या कराविषयीचे आहे. कर द्यावा म्हटले तर लोक दुखावणार आणि देऊ नये म्हटले तर राजद्रोह ठरणार, असा तो पेच होता. येशूने दिनार मागवला आणि त्यावरील मुद्रा कोणाची, असे विचारले. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला द्यावे, हा निवाडा त्यानंतरचा. खरी मेख नाण्यात आहे. मंदिराच्या परिसरात रोमन सम्राटाची मुद्रा असलेले नाणे प्रश्न विचारणाऱ्यांनीच आणून दिले आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच हातात परत गेला. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची ही रीत ज्यू धर्मगुरूंच्या वादपद्धतीत रूढ होती. येशूच्या अधिकाराविषयी पृच्छा झाली, तेव्हाही त्याने योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गातून होता की मनुष्यांकडून, असा प्रतिप्रश्न करून शास्त्र्यांना निरुत्तर केले.

याच ग्रंथांत येशूलाही एकदा निरुत्तर व्हावे लागले आहे आणि तेही एका परधर्मीय स्त्रीकडून. सोर प्रांतातील या मातेने आपल्या मुलीला बरे करण्याची विनवणी केली. मुलांची भाकरी कुत्र्यांपुढे टाकणे योग्य नव्हे, असे उत्तर तिला मिळाले. ते कठोर होते. भाष्यकारांनी ते मवाळ करण्याचे पुष्कळ प्रयत्न केले असले तरी त्याचा काठिन्यभाव जात नाही. त्या स्त्रीने उपमा नाकारली नाही. तिने ती स्वीकारून उलटवली : मेजाखालच्या कुत्र्यांनाही मुलांच्या हातून सांडलेला चुरा मिळतोच. मार्काच्या कथनात येशू तिच्या या बोलण्यासाठी तिची मागणी मान्य करतो. मत्तयाच्या कथनात मात्र श्रेय तिच्या श्रद्धेला दिले आहे. उत्तराचे सामर्थ्य निखळपणे मान्य करण्याचे धैर्य मार्काने दाखवले, असेच म्हणावे लागेल.

प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचा प्रसंग वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. तोंडावर मारण्याची आज्ञा देणाऱ्याला त्याने चुना फासलेली भिंत म्हटले. तो महायाजक असल्याचे कळताच, अधिपतीविरुद्ध वाईट बोलू नये हे शास्त्रवचन सांगून त्याने शब्द मागे घेतला. ही माघार होती की आणखी एक टोमणा, याविषयी टीकाकारांत एकमत नाही.

छळाच्या काळात प्रत्युत्तराला निराळीच धार आली. रोमन देवतांना न मानणारे म्हणून ख्रिस्ती लोकांनाच तेव्हा नास्तिक म्हणत. इ.स. १५५च्या सुमारास स्मर्नाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याला रोमन अधिकाऱ्याने नास्तिकांचा धिक्कार करण्यास फर्मावले. पॉलिकार्पने आखाड्यात जमलेल्या जनसमुदायाकडे पाहून हात हलवला आणि तोच धिक्कार उच्चारला. आज्ञेचे अक्षरशः पालन झाले, अर्थ मात्र पालटला. त्यानंतर त्याला जाळण्यात आले. कार्थेजच्या टर्टुलियनने इ.स. १९७च्या सुमारास लिहिलेल्या बचावग्रंथात पूर, दुष्काळ, भूकंप काहीही झाले तरी ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका, अशी ओरड होते, याची खिल्ली उडवत एवढ्या सगळ्यांना एकच सिंह पुरणार काय, असे विचारले आहे.

उत्तर देणाऱ्याच्या हातून प्रतिपक्ष कसा अमर होतो, याचे उदाहरण ऑरिजेनचे. सेल्सस या तत्त्वज्ञाने दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मावर ग्रंथ लिहिला होता. इ.स. २४८च्या सुमारास ऑरिजेनने त्याचे आठ खंडांत, मुद्दा उद्धृत करून मग खंडन केले. सेल्ससचा मूळ ग्रंथ पुढे नष्ट झाला. आज तो जो काही वाचता येतो, तो ऑरिजेनच्या खंडनातूनच.

सत्ता हाती आल्यावर मात्र धार आत वळली. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने व्हिजिलँशियस या आपल्याच धर्मबांधवाच्या नावावर कोटी केली. नावाचा अर्थ जागरूक. जेरोमने त्याला झोपाळू ठरवून तसेच नाव दिले. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर आणि टॉमस मोर यांनी एकमेकांविरुद्ध वापरलेली भाषा वृत्तपत्रात छापण्याजोगी नाही. ल्यूथरने १५४३ साली ज्यूंविरुद्ध लिहिलेली पुस्तिका तर केवळ वाक्ताडन नव्हते; प्रार्थनामंदिरे जाळण्याची शिफारस तीत आहे. समोर उत्तर देणारा समान बळाचा कोणी नसला की प्रत्युत्तराचे काय होते, ते येथे दिसते.

मुंबईत हा संघर्ष १८३०च्या दशकात पोहोचला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात १८३१ साली जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहून हिंदू धर्माचे मंडन केले. विल्सनने १८३२ साली त्याला ग्रंथरूप उत्तर दिले आणि आरंभी मोरभटांच्या पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद जोडला. ऑरिजेनची रीत अशी मुंबईत आली. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांना सवाल-जवाबात गाठत, तेव्हा हा प्रकार शहराच्या चांगलाच परिचयाचा झाला होता.

परंतु मराठी मनाने ख्रिस्ती परंपरेला दिलेली सर्वांत मर्मभेदी उत्तरे वादसभेत दिली गेली नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील चर्चने सांगितलेले सर्व काही निमूटपणे मान्य करावे, अशी अपेक्षा होती. क्रॉसवरील लॅटिन अक्षरांना त्यांनी आक्षेप घेतला. आपल्या देशभगिनींना ती भाषा कळत नाही, हे त्यांचे कारण. ब्राह्मणांना संस्कृतविषयी वाटते तसेच काही तुम्हांला लॅटिनविषयी वाटते काय, अशी पृच्छा त्यांनी केली. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे घेण्याची इच्छा नाही, असे त्यांनी १८८५ साली लिहिले. येथे उत्तर देणारी व्यक्ती श्रद्धावान आहे आणि उत्तर स्वतःच्या आध्यात्मिक मातेला, सिस्टर जेराल्डिन यांना, दिले जात आहे. या बाईंनी रमाबाईंच्या गर्वाबद्दल वारंवार तक्रार केली. तरीही ही पत्रे त्यांनीच जपून ठेवून संकलित केली आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली.