क्रिस्टीन धबधब्यावरचा पूल

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअर नॅशनल पार्क आहे. तिथे लाँगमायरहून पॅराडाइजकडे चढताना क्रिस्टीन धबधब्याचा पूल लागतो. माझी सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, बरीचशी घाटरस्त्यांवर गेली. सिएटलला मुलीकडे होतो तेव्हा तिथे गेलो. बाकीची मंडळी बर्फाच्या शिखराचे फोटो काढत होती, मी आधी पुलाखालच्या पायवाटेने उतरलो.

खालून पाहिल्याशिवाय हा पूल कळत नाही. ओढा उभ्या कातळातून कोसळतो आणि कमान नेमकी अशी बसवली आहे की अख्खा धबधबा तिच्या चौकटीत दिसतो. ओढ्याला नाव फिलेमन व्हॅन ट्रंप यांचं. त्यांनी आणि हॅझर्ड स्टीव्हन्स यांनी ऑगस्ट १८७० मध्ये माउंट रेनिअरचं ४३९२ मीटरचं शिखर गाठलं होतं. धबधब्याला नाव व्हॅन ट्रंप यांच्या मुलीचं, क्रिस्टीनचं.

हा रस्ता विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. त्याची आखणी करणारे इंजिनिअर यूजीन रिकसेकर यांना जवळची वाट नको होती. प्रवाशाला धबधबे आणि हिमनदी दिसावी असं वळण त्यांना हवं होतं. त्या काळी ओढ्यावर लाकडी पूल होता. पुढे मोटारी वाढल्या. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी पार्क सर्व्हिस आणि केंद्राचं रस्ते खातं यांच्यात उद्यानांतल्या रस्त्यांसाठी करार झाला, आणि १९२७-२८ मध्ये आजचा पूल उभा राहिला.

हा पूल रस्टिक, म्हणजे ओबडधोबड दगडाच्या, निसर्गाशी मिळत्याजुळत्या शैलीचा, पण आतून तो काँक्रीटचा आहे. दगड दर्शनी. कुणी याला सोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. भार काँक्रीटने घ्यायचा हे रस्ते खात्याच्या इंजिनिअरांनी ठरवलं, आणि पूल डोंगराचाच वाटला पाहिजे हा आग्रह पार्क सर्व्हिसच्या भूदृश्य-रचनाकारांनी धरला. त्यांच्यातलं मोठं नाव थॉमस व्हिंट. बांधकाम निसर्गाशी जुळतं हवं, हे पार्क सर्व्हिसचं धोरण १९१८ मध्येच लेखी झालं होतं. दगड जवळपासचाच घ्यायचा, मोठे दगड तळाशी ठेवायचे, थर एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, ऊनपाऊस खाल्लेली बाजू बाहेर करायची, अशी ती पद्धत. घडीव दगडाचा सरळ थर लावणं गवंड्याला सवयीचं असतं. लहानमोठे दगड निवडत, फिरवत, मुद्दाम लावल्यासारखे न दिसता बसवणं फार कठीण. पुलाच्या कठड्यावर हात फिरवताना त्या अनाम गवंड्यांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

आमच्याकडे महाडला सावित्री नदीवर याच सुमाराचा, १९२८ चा, दगडी कमानींचा पूल होता. तिथे भार खरोखरच दगडावर होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्यामुळे जुनं ते सोनं असं मी डोळे मिटून म्हणत नाही. रेनिअरच्या पुलात आतल्या काँक्रीटची मला तक्रार नाही ती यामुळेच.

१९९१ मध्ये या पुलाची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत झाली. १९९७ मध्ये तर पार्कातले रस्ते, पूल आणि इमारती मिळून सगळा परिसरच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. पूल मात्र शोभेचा झालेला नाही. पॅराडाइजला जाणाऱ्या गाड्या आजही त्याच्यावरूनच जातात.

सह्याद्रीत रस्ते बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरांना माझी एकच विनंती आहे. पूल जरूर काँक्रीटचा करा, पण निदान कठडा तरी त्याच घाटातल्या काळ्या दगडाचा बांधा, आणि तो रचणाऱ्या गवंड्यामागे घाईचा तगादा लावू नका.