विद्युद्दंडाचा व्यापार

कोणत्याही धंद्याचा इतिहास लिहितांना तयार मालाकडे सर्वांचें लक्ष जातें. तो तयार करतांना जें झिजून जातें, त्याची दखल सहसा कोणी घेत नाहीं. विजेच्या भट्टींत पोलाद वितळविणारा ग्राफाइटचा विद्युद्दंड, ज्यास कारखान्यांत इलेक्ट्रोड म्हणतात, हा असाच एक उपेक्षित पदार्थ होय.

पॉल एरू या फ्रेंच संशोधकानें १९०० सालच्या सुमारास विद्युत्कमानीच्या उष्णतेनें पोलाद करण्याची भट्टी सिद्ध केली. अशा भट्टीस वीज वाहून नेणारा आणि त्या प्रखर उष्णतेंतही न वितळणारा दंड हवा असतो. अमेरिकेंत एडवर्ड ॲचेसन यानें १८९६ सालीं कृत्रिम ग्राफाइटच्या कृतीचें पेटंट मिळविलें व नायगाराच्या विजेवर तिचा कारखाना उभारला. पेट्रोलियमचा कोक डांबरांत कालवून दंड पाडावयाचे, ते भाजावयाचे, आणि अखेरीस सुमारें ३,००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावयाचे, अशी ही कृति आहे. तीस आठवडेच्या आठवडे लागतात. भांडवल व अनुभवही विपुल लागतो. म्हणून दंड करणारे मूठभर राहिले व घेणारे पुष्कळ झाले.

शिवाय पोलादाच्या एकंदर खर्चांत दंडाचा वांटा लहान. परंतु त्यावांचून भट्टी पेटतच नाहीं. विक्रेत्यानें भाव चढविला, तर गिऱ्हाइकानें तो निमूटपणें द्यावा, हाच मार्ग उरतो. या स्थितीचा मोह जगांतील बड्या कारखानदारांस आवरला नाहीं. १९९२ पासून त्यांनीं गुप्त बैठका भरवून भाव ठरविले. ज्या देशांत ज्याचा कारखाना, तेथील भाव त्यानें सांगावा व इतरांनीं त्यामागें जावें, असा त्यांचा संकेत होता. भंगार वितळवून पोट भरणाऱ्या पोलादवाल्यांनीं या वाढीव भावाचा भार कित्येक वर्षें सोसला. पुढें दंड विकणारांसच दंड भरावा लागला: अमेरिकेंत १९९८ सालीं यूकार कंपनीस ११ कोटि डॉलर, १९९९ सालीं जर्मन एस. जी. एल. कंपनीस १३.५ कोटि डॉलर. आणि २००१ सालीं युरोपीय आयोगानें आठ कंपन्यांवर मिळून सुमारें २२ कोटि युरो बसविले. यूकारच्या माजी प्रमुखास तर कारावासही घडला.

२०१७ सालीं दंडांचे भाव पुन्हां कित्येक पटींनीं चढले. त्या वेळीं चीननें भंगार वितळविणाऱ्या हलक्या भट्ट्या बंद पाडल्यामुळें कमानीच्या भट्ट्यांची मागणी वाढली होती, व उत्तम कोकही दुर्मिळ झाला होता. गिऱ्हाइकाच्या खिशास दोन्ही वेळां सारखीच झळ लागली. परंतु टंचाईची महागाई आणि संगनमताची महागाई यांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. पहिलीवर नवे कारखाने हा उपाय आहे. दुसरीवर जागरूक कायद्याखेरीज उपाय नाहीं.