निवडून आला, पण शपथ नाही

विधिमंडळांचा इतिहास वाचताना मी एका आकड्यापाशी दरवेळी थांबतो : १८४ विरुद्ध १२. १० जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधीगृहाने एवढ्या मतांनी ज्युलियन बाँडला सदस्यत्व नाकारलं. वय २५, कृष्णवर्णीय, अटलांटातून रीतसर निवडून आलेला. त्याच्या विद्यार्थी संघटनेने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रक काढलं होतं आणि ‘ते मला मान्य आहे’ असं त्याने उघड सांगितलं, एवढाच गुन्हा.

राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायला तो तयार होता. ती तो मनापासून घेणारच नाही, असं सभागृहाने ठरवून टाकलं. पोटनिवडणुकीत मतदारांनी पुन्हा त्यालाच निवडलं, पुन्हा नकार. अखेर ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं : सरकारी धोरणावर टीका करण्याचा हक्क आमदारालाही आहे. जानेवारी १९६७मध्ये बाँड सभागृहात बसला आणि पुढे दोन्ही सभागृहं मिळून वीस वर्षं आमदार राहिला.

मला मात्र त्याच्या मतदारांचं ते वाया गेलेलं वर्ष आठवतं. बहुमत निष्ठेची परीक्षा घेऊ लागलं, की आवाज मतदाराचाही जातो.