वणवा आणि वाडी

फाल्गुन-चैत्रात संध्याकाळच्या सुमारास पनवेलहून कर्नाळ्याच्या किंवा प्रबळगडाच्या बाजूला नजर टाकली, तर एखाद्या दिवशी डोंगराच्या अंगावर तांबडी रेघ वळवळताना दिसते. बाजारपेठेतल्या माणसाला ती शोभेची वाटते. डोंगराच्या पायथ्याशी ज्याची वाडी आहे, तो मात्र आधी वारा कुठला आहे ते पाहतो आणि मग घरामागच्या पेंढ्याच्या उडवीकडे धावतो.

वणवा म्हणजे रानातली आग, असं आपण शाळेत शिकवतो. पण रान जिथं संपतं आणि वस्ती जिथं सुरू होते, तिथं एक गवताचा पट्टा असतो. रानातली आग गावात येते ती याच वाटेनं. आज मला बोलायचं आहे ते या पट्ट्याविषयी. त्यावरचं गवत कुणी कापायचं, कुणी जाळायचं, आणि तसं करण्याचा हक्क कुणाचा, यावर आपल्या या मुलखात मोठा इतिहास घडला आहे.

जुन्या काळी इकडची गरिबाची घरं कशी असत? कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, आणि वर पेंढ्याचं नाही तर गवताचं छप्पर. भिंत आगीला पुष्कळ टक्कर देई. घात करी ते छप्पर. १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला आणि पुढं ती कौलं समुद्रमार्गे कोकणभर पसरली, तेव्हा जरा ऐपतीच्या घरांची ही काळजी कमी झाली. ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्यांवर मात्र गवती छप्पर कितीतरी पुढंपर्यंत राहिलं.

तरीही ही माणसं आगीला भिऊन नव्हे, आगीला बरोबर घेऊन राहत होती. याचं उत्तम उदाहरण म्हणजे राब. भातशेती करणाऱ्याला राब समजावून सांगण्याची जरूर नाही, पण शहरातून बदलून आलेल्या गुरुजींसाठी सांगतो. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, त्यावर उन्हाळ्यात शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि ते भाजायचं. माती अशासाठी की जाळ उफाळू नये, धुमसत राहावा. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग वाऱ्यावर स्वार होऊन पळत नाही, वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकते. जमीन खोलवर भाजते, तणाचं बी मरतं आणि शेजारचं कुंपणही वाचतं. आग कशी चालते याचं एवढं नेमकं ज्ञान ज्या शेतकऱ्यापाशी होतं, त्याला पुढं सरकारदरबारी जंगलाचा शत्रू ठरवण्यात आलं.

ते असं झालं. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे पहिले जंगल-संरक्षक नेमले गेले. इंग्रजांना जहाजांसाठी आणि पुढं रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान हवा होता. १८७८ च्या कायद्यानं मोठमोठी रानं राखीव झाली. पूर्वी ज्या डोंगरावरून लोक फांद्या, गवत आणि जळण आणत, तिथं आता पास लागू लागला. राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली. पनवेल तालुका १८८३ साली ठाणे जिल्ह्यातून कोलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आला; आणि ठाणे व कोलाबा हे दोन्ही जिल्हे तेव्हा जंगलाच्या तक्रारींनी नुसते धुमसत होते. अखेर १८८५ साली मुंबई सरकारनं चौकशीसाठी एक कमिशन नेमलं. त्याचा अहवाल १८८७ साली आला. भातशेतीला राबाची किती गरज आहे आणि तो राब आणायचा कुठून, हा त्या चौकशीतला एक कळीचा वाद होता.

जंगलखात्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. वणव्यात सागाची कोवळी रोपं जळतात, हे खोटं नव्हतं. १८६० नंतरच्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं वणवा रोखण्याची पद्धतशीर व्यवस्था करून दाखवली आणि मग ती देशभर नेण्यात आली. जंगलाच्या कडेनं आणि मधूनमधून पट्टे आखायचे, पावसाळ्यानंतर त्यांवरचं गवत कापायचं, आणि कडक उन्हाळा येण्यापूर्वी ते माणसं उभी करून जाळून टाकायचं. मोठा वणवा या काळ्या पट्ट्यापाशी आला की त्याला खायला काही उरत नाही. याला आपल्याकडे जाळरेषा म्हणतात. नीट पाहिलं तर राब भाजणाऱ्याची अक्कल आणि जाळरेषेमागची अक्कल एकच आहे.

फरक पडला तो माणसांत. जोवर डोंगरावरचं गवत गावाचं होतं, तोवर ते कापलं जाई. जनावरांना लागे, छपराला लागे, मुंबईच्या तबेल्यांसाठी विकलंही जाई. कापलेल्या गवताला वणवा लागत नाही. गवताला हात लावणं गुन्हा झाला, तेव्हा ते उभंच्या उभं वाळू लागलं. १९२७ च्या जंगल कायद्यानं राखीव रानात आग लावणाऱ्याला शिक्षा सांगितली, आणि रानात ज्यांना काही हक्क आहेत त्यांनी आग विझवायला धावलंच पाहिजे असंही सांगितलं. कर्तव्य राहिलं आणि हक्क तेवढा आकसला. अशा व्यवस्थेत माणूस मनापासून कसा धावेल?

१९३० साली महात्माजींनी मिठाचा कायदा मोडला. आपल्या डोंगराळ भागात लोकांनी जंगलचा कायदा मोडला, आणि पुष्कळ ठिकाणी विळ्यानं गवत कापून मोडला. पनवेलशेजारी उरणकडच्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर असाच सत्याग्रह झाला. आगरी, कोळी, कातकरी असे आसपासच्या गावांचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन रानात शिरले. पोलिसांनी गोळीबार केला. धाकू गवत्या फोफेरकर, नाग्या महादू कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मामलेदार जोशी यांनाही त्या गोंधळात प्राणाला मुकावं लागलं. या लढ्याकडे आपण स्वातंत्र्याचा लढा म्हणून पाहतो, तो होताच. पण गाव आणि रान यांच्या मधल्या त्या पट्ट्यावर कुणाची सत्ता, हा झगडाही त्याच्या पोटात होता, एवढं वर्गात सांगायला हरकत नाही.

असा तंटा काही आपल्याकडेच झाला असं नाही. ऑस्ट्रेलियात १३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात भयंकर वणवे पेटले. त्या आगींत ७१ माणसं गेली. चौकशीला बसलेल्या न्यायमूर्ती स्ट्रेटन यांच्यापुढं जंगलखातं आणि गुरं चारणारे लोक यांचं भांडण आलं, आणि विषय हाच: गवत केव्हा जाळायचं आणि कुणी जाळायचं. अमेरिकेत ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज नावाच्या गावावर वणवा आला. ८५ माणसं मेली, १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. तिथं चमत्कारिक गोष्ट दिसली. घर जळून राख झालेलं आणि बाजूची झाडं हिरवी! जॅक कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं याचं कारण फार पूर्वीच प्रयोगांनी दाखवलं होतं. वणव्याच्या ज्वाळा ३० मीटरपलीकडच्या लाकडी भिंतीला सहसा पेटवत नाहीत. घरं पेटतात ती उडत आलेल्या ठिणग्यांनी, आणि ठिणगी टेकते ती छपरावरच्या पाचोळ्यावर, भिंतीला लावलेल्या सरपणावर, दारातल्या वाळल्या गवतावर.

ही गोष्ट आपल्या कुणबी आजीला नवी वाटणार नाही. खळं घरापासून दूर का, उडवी वाऱ्याच्या अंगाला का नको, कौलांखालची चिमण्यांची घरटी आणि सुका पाला होळीआधी का काढायचा, हे तिला ठाऊक असे. चढाचंही तसंच. आग चढणीवर धावते. दहा अंशांचा चढ वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. म्हणून कड्यावर, ऐन उताराच्या डोक्याशी बांधलेल्या घराला पायथ्याच्या घरापेक्षा धोका जास्त.

आणि आता नेमकी तशीच घरं बांधली जात आहेत. १९६८ साली कर्नाळ्याचं अभयारण्य झालं, त्याच्या पोटातूनच मुंबई-गोवा रस्ता जातो. जाता जाता फेकलेलं विडीचं थोटूक पुरतं. पनवेलच्या भोवती डोंगरकडेला शेतघरं आणि इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या पुष्कळांना कुंपणापलीकडचं गवत कुणाच्या मालकीचं, ते कोण कापतं, हे माहीत नसतं. उलट ज्याला माहीत आहे, तो कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर कुटुंबासकट निघून जातो. वणवा येतो तेव्हा वाडीत एखादी म्हातारी आणि दोन पोरं. झोपडी वाचवायला हातच नसतात. या वाड्यांचं नुकसान बातमीत फारसं येत नाही, कारण त्यात जळतं ते चार पत्रे, दोन पोती भात आणि रेशनकार्ड.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाच्या सामूहिक वनाचं रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ज्या गावांनी तो मिळवला, त्यांना आपल्या हद्दीवरची जाळरेषा कुणी, कोणत्या आठवड्यात काढायची, आणि भट्टीवर गेलेल्यांच्या झोपड्यांभोवतीचं गवत कुणी कापायचं, हे ग्रामसभेत ठरवता येईल. वनरक्षकाला त्या बैठकीला बोलवावं, कारण राखीव रानात त्याच्याशिवाय काडी ओढता येत नाही.

चिरनेरला दरवर्षी २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना देतात. त्या दिवसांत अक्कादेवीच्या डोंगरावरचं गवत अजून हिरवं असतं. ते पुरतं वाळायला दोन महिने असतात.