दोन-तीन आठवड्यांत क्लास सोडणारा मुलगा

वीकेंडच्या ॲक्टिंग क्लासमध्ये सरांनी एक प्रवेश करून दाखवला आणि आम्हाला अगदी तसाच करायला सांगितला. माझा आवाज थरथरला. आठवडाभर कोड लिहिणाऱ्या माणसाने या भानगडीत पडावंच कशाला, असं वाटलं. त्याच दिवसांत स्तानिस्लावस्कीबद्दल वाचत होतो. जगभर अभिनय शिकवण्याची रीत बदलणारा हा माणूसही क्लास सोडून आला होता!

जन्म १८६३, मॉस्कोचा. घर श्रीमंत, जरीच्या कारखान्याचं. चौदाव्या वर्षी घरच्या नाटकात काम केल्यावर त्याने आपल्या चुका वहीत टिपायला सुरुवात केली. १८८५ मध्ये तो नाट्यशाळेत गेला. तिथे शिक्षकांच्या लकबी गिरवायच्या होत्या. दोन-तीन आठवड्यांतच तो बाहेर पडला. मग दिवसा कारखाना, संध्याकाळी हौशी नाटकं. १८९८ मध्ये त्याने नेमिरोविच-दान्चेन्कोबरोबर मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं.

१९०६ मध्ये, नावाजलेला नट असताना, आपण गाजलेल्या भूमिकाही यंत्रासारख्या करतोय हे त्याला जाणवलं. तो पुन्हा विद्यार्थी झाला. त्याची अभिनयपद्धती त्या शोधातून घडत गेली.

मी क्लास बदलला. इथल्या ताई करून दाखवत नाहीत. ‘हा माणूस आत्ताच का उठून जातोय?’ असं विचारतात. माझा आवाज अजून थरथरतो. पण कुठल्या वाक्याला, ते आता वहीत लिहिलेलं असतं.